वाळूच्या कणाचा पृष्ठभाग आणि पाण्याचा स्पर्श

महाडच्या भूमीत पाण्याविषयी लिहावयाचे म्हटले की लेखणी आपोआप चवदार तळ्याकडे वळते. या लेखातही आपण त्या तळ्यापाशी जाणार आहोत. मात्र वाट थोडी निराळी आहे. पाणी ज्या कणांवरून वाहते, ज्यांच्यातून झिरपते आणि ज्यांना आपल्यासोबत वाहून नेते, त्या कणांच्या पृष्ठभागाचा अभ्यास आम्ही येथे मांडत आहोत. सावित्रीच्या पात्रातील वाळू, जुलैच्या पुरातील गढूळपणा, पोलादपूरच्या डोंगरउतारावरील ओली माती आणि दगड कापणाऱ्या कामगाराच्या छातीत साठणारी धूळ, या चार गोष्टी वरवर पाहता भिन्न आहेत. त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र एकच आहे : सिलिकायुक्त कणाला पाण्याचा अथवा दुसऱ्या पदार्थाचा स्पर्श होतो, तेव्हा त्या स्पर्शाच्या जागी नेमके काय घडते?

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेले विद्यार्थी आज शेतात, कारखान्यांत, दवाखान्यांत आणि ग्रामपंचायतींत काम करीत आहेत. त्यांच्यासाठी आणि पालकांसाठी हा पाठ केवळ परीक्षेचा नाही. पिण्याचे पाणी, राहते घर आणि कमावते शरीर या तिन्हींशी त्याचा संबंध आहे.

सिलिका : आपल्या अवतीभवती

पृथ्वीच्या कवचात वजनाने सर्वाधिक असलेले मूलद्रव्य ऑक्सिजन होय; त्याच्या खालोखाल सिलिकॉनचा क्रमांक लागतो. एक सिलिकॉन अणू चार ऑक्सिजन अणूंशी बांधला जातो व त्यातून चार कोपऱ्यांची एक घट्ट रचना तयार होते. प्रत्येक ऑक्सिजन शेजारच्या दुसऱ्या सिलिकॉनशीही जोडलेला असला, म्हणजे सर्वत्र सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी साखळी पसरते. हीच सिलिका. लहानपणी एकमेकींवर घासून ठिणग्या काढण्याची गारगोटी हे तिचे सर्वांच्या परिचयाचे रूप आहे. खिडकीच्या काचेत सुमारे सत्तर टक्के सिलिका असते.

आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा बनलेला आहे, त्या बेसाल्टमध्ये सिलिकेचा अंश निम्म्याच्या जवळपास असतो. ती तेथे शुद्ध गारगोटीच्या रूपात नसून लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम यांच्याशी संयोग पावलेली असते. अशा खनिजांना सिलिकेट म्हणतात. कातळातील पोकळ्यांमध्ये मात्र पांढरे झिओलाइट, अकीक आणि गारगोटीचे स्फटिक आढळतात. म्हणून सावित्रीची वाळू ही समुद्रकाठच्या पांढऱ्या वाळूसारखी नाही. तिच्यात काळ्या पाषाणाचा चुरा अधिक व गारगोटीचे कण कमी. तरीही या सर्व खनिजांच्या पृष्ठभागावर सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचीच वस्ती असल्यामुळे पाण्याशी त्यांचे वर्तन बरेचसे सारखे असते.

भाताच्या पिकातही सिलिका आहे. भाताचे रोप मुळांवाटे पाण्यात विरघळलेली सिलिका शोषून घेते व ती पानांत आणि तुसात साठवते. कापणीच्या वेळी भाताचे पाते हाताला चरचरीत लागते त्यामागे हेच कारण आहे. तूस पूर्ण जाळल्यावर उरणाऱ्या पांढुरक्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. आपल्या घरांत भांडी घासण्यासाठी ही राख पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली.

पृष्ठभागावर काय असते?

कणाच्या आतील प्रत्येक अणूला चारही बाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरील अणूची स्थिती वेगळी असते. गारगोटी फुटते तेव्हा सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तुटतात आणि तुटलेली टोके उघडी पडतात. हवेतील बाष्पाचा किंवा पाण्याचा स्पर्श होताच पाण्याचा रेणू तेथे विभागला जातो आणि टोकांवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसते. सिलिकॉनला जोडलेल्या या जोडीला सिलॅनॉल गट असे नाव आहे. जेथे दोन सिलिकॉन एकाच ऑक्सिजनने जोडलेले राहतात, त्या जागेला सिलॉक्सेन म्हणतात. पाण्याने पूर्ण तृप्त झालेल्या सिलिकेच्या पृष्ठभागावर दर चौरस नॅनोमीटरमागे साधारण पाच सिलॅनॉल गट असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

सिलॅनॉल गट पाण्याच्या रेणूला हायड्रोजन बंधाने धरून ठेवतो. त्या रेणूवर दुसरा रेणू बसतो, दुसऱ्यावर तिसरा. अशा रीतीने कोरड्या दिसणाऱ्या वाळूच्या कणावरही पाण्याचा एक अदृश्य थर पांघरलेला असतो. हे पाणी कणाच्या आत शिरत नाही, पृष्ठभागावर चिकटते. म्हणून या क्रियेला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात. उन्हात ठेवल्याने हा थर पुरता जात नाही. तो घालवण्यासाठी दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवावे लागते. त्याहून अधिक तापवल्यास शेजारचे दोन सिलॅनॉल गट एकत्र येऊन पाणी सोडतात व तेथे सिलॉक्सेन बनते. सिलॉक्सेनला पाण्याची ओढ कमी असते. म्हणजे पदार्थ तोच राहिला तरी पृष्ठभाग बदलला की त्याचे वर्तन बदलते.

याची साधी परीक्षा घरीच घेता येते. काचेचा तुकडा साबणाने स्वच्छ धुऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडावा; तो पसरून पातळ थर होतो. त्याच काचेला खोबरेल तेलाचे बोट लावून पुन्हा थेंब सोडावा. तो मण्यासारखा गोळा होतो. काच तीच आहे, पण पाण्याला आता काच भेटतच नाही. त्याची गाठ तेलाशी पडते. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही तेही पानावरील मेणाच्या आवरणामुळे. प्रयोगशाळेत परीक्षानळी स्वच्छ झाली की नाही हे ओळखण्याची जुनी खूण हीच आहे : पाणी एकसंध पसरले तर नळी स्वच्छ, थेंब थेंब उरले तर अस्वच्छ.

पृष्ठभागाचे महत्त्व कण लहान होत जातो तसे वाढते. एक सेंटिमीटर बाजूचा दगडी ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर भरतो. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग साठ चौरस सेंटिमीटर होतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे तुकडे केले, तर तोच सहा चौरस मीटर होतो. एका लहानशा खोलीच्या जमिनीएवढा! नव्या बुटांच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पुडी याच तत्त्वावर चालते. तिच्यातील एका ग्रॅम दाण्यांच्या सूक्ष्म छिद्रांतील पृष्ठभाग कित्येक शे चौरस मीटर असतो व त्यावरील सिलॅनॉल गट खोक्यातील दमटपणा ओढून घेतात.

पुराचे पाणी निवळत का नाही?

पावसाळ्यात सावित्रीचे, गांधारीचे पाणी तांबूस होते. घागर भरून ठेवली तर वाळू काही क्षणांत तळाला जाते. तांबूसपणा मात्र दोन दोन दिवस तसाच राहतो. माती पाण्याहून जड असताना ती बसत का नाही?

याचे उत्तर पुन्हा सिलॅनॉल गटात आहे. पाण्यात हा गट आपला हायड्रोजन धनप्रभारित आयनाच्या रूपाने सोडून देऊ शकतो आणि मग कणावर ऋणप्रभार उरतो. पाणी किती आम्लधर्मी आहे यावर हे प्रमाण अवलंबून असते. सामू दोन ते तीनच्या दरम्यान असेल तर सिलिकेच्या पृष्ठभागावर प्रभार जवळजवळ नसतो. सामू वाढत जातो तसा ऋणप्रभार वाढतो. नदी-विहिरींच्या पाण्याचा सामू बहुधा साडेसहा ते साडेआठ असतो, म्हणजे त्यात सिलिकेचे कण ऋणप्रभारितच असणार. चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रेही, थोड्या वेगळ्या कारणाने, ऋणप्रभारित असतात. सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात. कण एकत्र येऊन मोठे होत नाहीत, आणि सुटे राहिल्याने पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी तरंगत राहतात.

आपण पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हा या दुराव्यावर उपाय होतो. तुरटीतील ॲल्युमिनियमचे आयन तीन धनप्रभार घेऊन येतात व कणांचा ऋणप्रभार शमवतात. शिवाय पाण्याशी संयोग पावून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके बनतात. त्यांत मातीचे कण गुरफटतात आणि पुंजका जड होऊन तळाला बसतो. निवळीची बी घागरीच्या आतील बाजूस घासण्याची जुनी रीतही अशीच आहे. त्या झाडाचे नावच त्याच्या कामावरून पडले. शेवग्याच्या बियांतील धनप्रभारित प्रथिनेही मातीचे ऋणप्रभारित कण एकत्र आणतात. रसायनशास्त्राची परिभाषा ज्यांना कधी शिकवली गेली नाही, त्या आयाबायांनी हे ज्ञान अनुभवाने मिळवले व जपले, याची नोंद शास्त्राच्या पाठातही व्हावयास हवी.

निसर्गही हा प्रयोग करतो. महाबळेश्वरच्या माथ्यावरून निघून पोलादपूर, महाड ओलांडून सावित्री बाणकोटच्या खाडीत जाते. खाऱ्या पाण्यातील सोडियम, मॅग्नेशियम व कॅल्शियमचे आयन मातीच्या कणांमधील दुरावा कमी करतात आणि गाळ पुंजक्यांनी खाली बसू लागतो. खाडीत चिखल साठण्यामागे प्रवाहाचा मंदावलेला वेग हे एक कारण आहे, तर खारे पाणी हे दुसरे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. निवळलेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. तुरटीने मातीबरोबर काही जंतू तळाला जातात, सर्व जात नाहीत. म्हणून वरचे स्वच्छ पाणी अलगद काढून ते उकळावे किंवा त्यात क्लोरिन घालावे. क्रमही हाच ठेवावा. गढूळ पाण्यात टीसीएल पावडर टाकली तर पाण्यातील सेंद्रिय गाळ क्लोरिन खाऊन टाकतो आणि मातीच्या कणांआड जंतू सुरक्षित राहतात. गावच्या जलसुरक्षकाने ओटी चाचणी करावी असा आग्रह ग्रामसभेत धरणे, हा त्या गावातील सुशिक्षिताचा पहिला पाठ असावा.

वाळूचा थर जंतू कसे अडवतो?

वाळूतून पाणी गाळण्याची रीत जुनी असली, तरी तिचे सामर्थ्य जगाला पटले ते १८९२ साली. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते. लगतचे अल्टोना शहर त्याच नदीच्या खालच्या अंगाला होते, म्हणजे हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळलेले पाणी त्याच्या वाट्याला येत होते. परंतु ते पाणी वाळूच्या थरांतून हळूहळू झिरपू दिल्यानंतरच नळांना सोडले जाई. कॉलऱ्याची साथ आली तेव्हा हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. अल्टोना बव्हंशी वाचले. दोन शहरांची हद्द ज्या रस्त्यांतून जात होती, तेथे एका बाजूला रोग आणि दुसऱ्या बाजूला आरोग्य असे दृश्य दिसले. रॉबर्ट कॉख यांनी त्यातून जो निष्कर्ष काढला, तो आज प्रत्येक जलशुद्धीकरण केंद्राच्या पायाशी आहे.

विद्यार्थी येथे एक चांगला प्रश्न विचारतात. वाळूच्या दाण्यांमधील फटी जंतूंहून कितीतरी मोठ्या असतात. मग जंतू अडकतात कसे? चाळणीच्या नियमाने ते अडकावयास नकोत. शिवाय वाळूचा पृष्ठभाग ऋणप्रभारित आणि बहुतेक जंतूंचाही ऋणप्रभारित, म्हणजे ते एकमेकांना लोटणार.

उत्तर तिपदरी आहे. पहिले असे की, वाळूचा पृष्ठभाग फार काळ नुसता राहत नाही. काही दिवसांत त्यावर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर वाढतो आणि तो येणाऱ्या जंतूंना धरतो, खातो. मंद गतीच्या गाळणीचे बळ मुख्यतः या थरात असते. म्हणून ती वाळू वारंवार धुऊन काढू नये. दुसरे, पाण्यातील कॅल्शियमसारखे दोन धनप्रभार असलेले आयन वाळू व जंतू यांच्यातील दुरावा कमी करतात. तिसरे, वाळूच्या कणावर लोहाच्या ऑक्साइडचा तांबडा लेप असेल तर तो लेप नेहमीच्या पाण्यात धनप्रभारित होऊ शकतो आणि ऋणप्रभारित जंतूंना ओढून घेतो. जांभ्याच्या प्रदेशात हा लेप निसर्गानेच दिलेला असतो.

भाताच्या तुसाची राखही या कामी आली. पुण्याच्या टाटा संशोधन विकास व संरचना केंद्राने १९८० च्या दशकात तुसाच्या राखेपासून ‘सुजल’ नावाची स्वस्त गाळणी तयार केली. पुढे २००९ साली आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ या गाळणीत त्या राखेच्या सच्छिद्र पृष्ठभागावर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेले होते. राख मोठा पृष्ठभाग पुरवते आणि चांदी जंतू मारते. आपल्या खळ्यावर उडून जाणारा तूस असा शास्त्राच्या हाती पडला.

शुद्ध पाणी कोणते?

भिक्खूच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई व कमरपट्टा यांच्यासोबत परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र, सांगितले आहे. पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये हा त्यामागील मूळ हेतू. पिणाऱ्याचे आरोग्य हा त्याचा दुसरा लाभ. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी आजही दिसतात. पावसाचे पाणी साठवणे, ते जपणे आणि गाळून पिणे ही शिस्त या परिसरात फार पूर्वी येऊन गेली आहे.

आणि याच परिसरात १९२७ साली पाण्याच्या शुद्धतेचा दुसराच अर्थ समोर आला. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केलेला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या पूर्वजांनी त्या पाण्याची ओंजळ उचलली, तेव्हा सनातन्यांनी तळे बाटल्याची आवई उठवली, सत्याग्रहींवर हल्ले केले आणि मागाहून शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. हक्काचा वाद न्यायालयात दहा वर्षे चालला व १९३७ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयानेही अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकाल दिला.

आता या घटनेकडे रसायनाच्या पाठातून पाहू. माणसाची स्वच्छ ओंजळ पाण्याला लागल्याने त्याचा सामू, त्यातील क्षार किंवा गढूळपणा यांत मोजता येण्याजोगा फरक पडत नाही; मग ती ओंजळ कोणाचीही असो. एकशे आठ घागरी शेणामुताने मात्र पाण्यातील सेंद्रिय पदार्थ, गढूळपणा आणि जंतू निश्चित वाढतात. म्हणजे ज्याला विटाळ म्हटले गेले तो विटाळ नव्हता, आणि ज्याला शुद्धी म्हटले गेले ती अशुद्धी होती. पृष्ठभागाचे शास्त्र स्पर्शाला नाकारत नाही. उलट स्पर्शाने बरेच काही घडते असेच ते सांगते. मात्र काय घडेल हे त्या दोन पृष्ठभागांची घडण आणि भोवतालची परिस्थिती यांवरून ठरते व मोजून पाहता येते. ‘फस्स’ हा प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांपैकी एक आहे आणि तोही कारणांनी उत्पन्न होतो, हे आपण विहारात ऐकतो. प्रयोगशाळेत आपण तेच एका काचेच्या तुकड्यावर पाहतो.

ओली माती कधी धरते, कधी सोडते?

पाणी आणि कण यांची ही ओढ आपल्या डोंगरांनाही उभे ठेवते. मुले ओल्या वाळूची घरे करतात. पूर्ण कोरड्या वाळूचे घर होत नाही, ती घरंगळते. किंचित ओली वाळू उभी राहते. त्यावर पाणी ओतत राहिले की घर बसते. कारण पुढीलप्रमाणे आहे. दमट वाळूत दोन कणांच्या मधे पाण्याचा इवला सेतू असतो. कणांचे पृष्ठभाग पाणी धरून ठेवतात आणि त्या सेतूच्या अंतर्वक्र कडा कणांना एकमेकांकडे ओढतात. सर्व फटी पाण्याने भरल्या, हवा निघून गेली, की सेतूच्या कडाच उरत नाहीत, ओढ संपते. त्यावर आणखी पाणी झिरपले तर फटींतील पाण्याचा दाब कणांना परस्परांपासून उचलू लागतो.

सह्याद्रीच्या उतारावर याला आणखी एक पदर आहे. पावसाच्या पाण्यात विरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते किंचित आम्लधर्मी असते. हजारो वर्षे ते बेसाल्टवर काम करीत राहते. त्यातील सिलिका थोडी थोडी विरघळून जाते, मागे चिकणमाती आणि लोहाची ऑक्साइडे राहतात. ही माती खालच्या न झिजलेल्या कातळावर नुसती टेकलेली असते. पाणी मातीतून उतरते, कातळापाशी अडते आणि दोहोंच्या सीमेवर साचते. महाड तालुक्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातील मोठा भाग काही दिवसांतच कोसळला तर उताराची धारणशक्ती संपते.

जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या व दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक जीव गेले; पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही त्याच पावसात दरडींनी बळी घेतले. प्रत्येक दरडीची कारणे निराळी असतात : उताराचा कोन, खडकातील भेगा, तोडलेली झाडी, रस्त्यासाठी वा घरासाठी कापलेला पायथा. परंतु अतिवृष्टीत कणांमधील ओढ नाहीशी होणे हा त्या सर्वांना जोडणारा दुवा आहे.

म्हणून काही खुणा घराघरांत पाठ असाव्यात. उतारावर नवी भेग पडणे, घराच्या जोत्याला तडे जाणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, डोंगरातून आवाज येणे, यांपैकी काहीही दिसले-ऐकले तर सामान गोळा करीत न बसता बाहेर पडावे. पावसाळ्यापूर्वी भेगा चिकणमातीने बुजवाव्यात, डोंगराकडून येणारे पाणी चर काढून बाजूला वळवावे, घरामागचा उतार उभा कापू नये. तळिये दुर्घटना सायंकाळी झाली. रात्रीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

नुकत्याच फुटलेल्या दगडाची धूळ

कामासाठी मुंबई, पुणे किंवा परराज्यांत जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक शेवटचा मुद्दा. सिलिकेचा स्फटिकरूप कण फुफ्फुसात गेला की सिलिकोसिस हा रोग होतो. वाळूचा मोठा दाणा तेथवर पोहोचत नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक, डोळ्यांना न दिसणारी धूळच पोहोचते. फुफ्फुसातील रक्षक पेशी तिला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. उलट त्या स्वतःच फुटतात, आणि हे चक्र चालू राहून फुफ्फुसात कठीण गाठी होतात.

येथेही पृष्ठभागच निर्णायक ठरतो. नुकत्याच फोडलेल्या किंवा कापलेल्या स्फटिकावर तुटके बंध आणि विस्कळीत सिलॅनॉल गट असतात. पेशींच्या आवरणाला ते अधिक इजा करतात. तीच धूळ काही काळ पडून राहिली की तिची दाहकता काहीशी उतरते. म्हणून कापणाऱ्या यंत्राजवळ उभा असलेला कामगार सर्वाधिक धोक्यात असतो. आपल्या काळ्या पाषाणात मोकळी स्फटिकरूप सिलिका कमी असते. ग्रॅनाइट, वालुकाश्म व ओतकामाची वाळू यांत ती पुष्कळ असते, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्‌झ फरश्यांत तर ती नव्वद टक्क्यांपर्यंत असू शकते.

या रोगावर बरे करणारे औषध नाही. तो टाळता मात्र येतो. कापताना पाण्याची धार चालू ठेवावी, म्हणजे धूळ उडण्यापूर्वीच पाणी तिला धरते. तोंडावर बांधलेला रुमाल पुरेसा नाही. योग्य प्रतीचा मुखवटा मागून घ्यावा. खोकला व धाप लागल्यास डॉक्टरांना आपल्या कामाचे स्वरूप आवर्जून सांगावे, कारण हा रोग क्षयासारखा भासतो आणि क्षयाला आमंत्रणही देतो. कायद्यातील कळवण्याजोग्या रोगांच्या अनुसूचीत सिलिकोसिसची नोंद आहे. म्हणजे त्याची माहिती शासनाला कळवणे बंधनकारक आहे. हा कोणाचा उपकार नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे.

समारोप

एका कणाच्या पृष्ठभागावर दर चौरस नॅनोमीटरमागे पाच गट, एवढ्या लहान गोष्टीपासून आपण निघालो आणि घागर, गाळणी, तळे, डोंगर व फुफ्फुस इथवर पोहोचलो. प्रत्येक ठिकाणी पद्धत एकच होती : कोणते दोन पृष्ठभाग भेटतात, कोणत्या परिस्थितीत भेटतात आणि काय बदलते ते पाहणे. सांगोवांगीवर न विसंबता पारखून घ्यावे, ही तथागतांची शिकवण आपल्या विद्यालयात प्रार्थनेइतकीच प्रयोगशाळेतही जपली जावी, अशी आमची इच्छा आहे.

करून पाहण्यासाठी

१. पुराच्या पाण्याचे तीन पेले घ्या. पहिला तसाच ठेवा, दुसऱ्यात तुरटीचा खडा काही वेळ फिरवा, तिसऱ्यात चमचाभर मीठ विरघळवा. एक तासाने व दुसऱ्या दिवशी तिन्हींतील फरक लिहून ठेवा. हे पाणी पिऊ नये.

२. कोरडी, दमट आणि पाण्याने भरलेली अशी तीन प्रकारची वाळू वाटीत दाबून पालथी घाला. कोणती उभी राहते व का, हे पालकांना आपल्या शब्दांत समजावून सांगा.

३. आपल्या वाडीवरच्या उताराचा नकाशा काढा. झरे, भेगा, कापलेला भाग आणि पाणी वाहून जाण्याचे मार्ग त्यावर दाखवा. तो नकाशा पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत मांडा.